सामायिक सुतारशाळेत धूळ ओढायची व्यवस्था: पाइप, सायक्लोन की नुसता मास्क?

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका औद्योगिक गाळ्यात आम्ही काही जण मिळून सामायिक सुतारशाळा चालवतो. बरेचसे हौशी, दोघं-तिघं पोटापाण्यासाठी काम करणारे. गाळा साधारण १२ बाय ८ मीटर, पत्र्याची उंची साडेचार मीटर, थ्री फेज कनेक्शन आहे. यंत्रं: दहा इंची टेबल सॉ, बँड सॉ, बारा इंची थिकनेसर (फळीची जाडी सारखी करणारं यंत्र), रंधा मशीन, राउटर टेबल, एक छोटा लेथ. शिवाय प्रत्येकाचे आपापले ऑर्बिटल सँडर.

धुळीसाठी सध्या चाकांवरचा दोन एचपीचा, दोन पिशव्यांचा ब्लोअर आहे. वापरायचा त्याने तो आपल्या यंत्रापाशी ढकलत न्यायचा, अशी पद्धत. प्रत्यक्षात तो थिकनेसरला कायमचा चिकटून बसलाय, कारण थिकनेसर धूळ ओढल्याशिवाय चालतच नाही. बाकी यंत्रं बिनबोभाट धूळ उडवतात आणि संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती धुकं दिसतं. वरची पिशवी ब्लोअर सुरू होताना फुगते तेव्हा तिच्यातूनही एक लोट निघतो तो वेगळाच.

आता वर्गणी काढून कायमची पाइपलाइन करायची आहे. बजेट लाखाच्या आत. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ पाहून डोकं भंजाळलंय. अर्धे म्हणतात हेपा फिल्टर (अतिबारीक धूळ अडवणारी गाळणी) घ्या, अर्धे म्हणतात सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारं नरसाळं). माझं मत असं होत चाललंय की आपल्याकडे फिल्टरवर पैसे घालायचीच गरज नाही, हवा सरळ बाहेर सोडावी. पण त्याआधी जाणकारांचं ऐकायचं आहे.

चिंचवडकर

बाहेर सोडायचं की नाही ते नंतर. आधी पाइप.

व्हॅक्यूम क्लीनर आणि डस्ट कलेक्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. व्हॅक्यूम थोडी हवा जबरदस्त ताणाने ओढतो, दोन हजार मिलिमीटर पाण्याचा स्तंभ किंवा जास्तच. तुमचा दोन एचपीचा ब्लोअर भरपूर हवा ओढतो, पण ताण दोनशे-अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणून सँडरच्या बारक्या नळीला ब्लोअर लावला तर काही येत नाही, आणि थिकनेसरला व्हॅक्यूम लावला तर बघता बघता चोंदतो. दोन्ही लागतील. एकाने दोन्ही कामं होत नाहीत.

आता वेग. भुसा पाइपात खाली न बसता वाहत राहायला सेकंदाला साधारण २० मीटर वेग लागतो. त्या वेगाने १०० मिमी पाइपातून तासाला ५६५ घनमीटर हवा जाते, म्हणजे ३३० सीएफएम (मिनिटाला घनफूट). १५० मिमी पाइपातून १२७०, म्हणजे ७५० सीएफएम. व्यास दीडपट केला की हवा सव्वादोनपट. टेबल सॉ किंवा थिकनेसरची बारीक धूळसुद्धा धरायची असेल तर ३३० ने भागत नाही. यंत्राला चार इंची तोंड दिलेलं असतं ते छिलके ओढण्यापुरतं. तेव्हा यंत्राचं तोंड कापून मोठं करावं लागेल, याची मनाची तयारी ठेवा. उलट आठ इंची मेन पाइप टाकून ब्लोअर लहान ठेवलात तर वेग पडेल आणि आडव्या पाइपात भुशाचा थर साचेल.

दुसरा मुद्दा कुणी सांगत नाही. व्हिडिओ अमेरिकेचे असतात. तिकडे वीज ६० हर्ट्झ, मोटर ३४५० आरपीएमच्या आसपास. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे २८५०-२८८०. तिकडचं इम्पेलरचं (ब्लोअरच्या आतल्या फिरत्या पंख्याचं) डिझाइन जसंच्या तसं इथे बनवलंत तर वेग पाच-षष्ठांश होतो. हवा ८३ टक्के, ताण वर्गात म्हणजे ६९ टक्के, आणि मोटर घेते ती शक्ती घनात, म्हणजे ५८ टक्के. लोक म्हणतात ‘तीन एचपीची मोटर लावली तरी ओढत नाही’. ओढणार कशी? मोटरला कामच मिळत नाहीये. तेवढाच ताण हवा असेल तर १४ इंची इम्पेलर इथे १६-१७ इंची लागतो.

गप्पिष्ट

एवढा खटाटोप कशाला राव. आमच्याकडे फर्निचरचं काम चालायचं तेव्हा मिस्त्री नाकाला रुमाल बांधून दिवसभर मशीन मारायचे. सत्तरी गाठली, ठणठणीत आहेत. गाळ्याचं शटर उघडं ठेवा, मोठा एक्झॉस्ट पंखा लावा, झालं.

वैद्यबाई

गप्पिष्ट, जे सत्तरी गाठतात तेच आपल्याला भेटतात. ज्यांनी दम लागतो म्हणून तिशी-चाळिशीतच काम सोडलं ते कुठे भेटणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा आहे. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचं प्रमाण नव्हे, त्यामुळे घाबरून हौस सोडायचं कारण नाही. तो नाकाच्या पोकळीचा आणि सायनसचा आजार आहे, दुर्मीळ आहे, आणि मुख्यतः वर्षानुवर्षं कठीण लाकडाची धूळ खाणाऱ्यांत दिसतो. हौशी माणसाला त्याहून जवळचे त्रास म्हणजे दमा, सततची सर्दी आणि त्वचेची ॲलर्जी. सागवानात डीऑक्सीलॅपाचॉल नावाचं द्रव्य असतं, त्याने काहींच्या हातांवर, पापण्यांवर पुरळ येतं. शिसवीचंही तसंच. एकदा शरीराने वैर धरलं की मग अगदी थोड्या धुळीनेही उठतं. एमडीएफच्या धुळीबरोबर फॉर्मल्डिहाइडचा गोंद येतो.

रुमालाबद्दल: तो अडवतो ती धूळ तुमचं नाक तसंही अडवतं. त्रास देते ती न दिसणारी. स्थिर हवेत अडीच मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला तीनेक तास घेतो. म्हणजे दुपारी एकाने सँडिंग केलं आणि संध्याकाळी दुसरा येऊन निवांत हातरंधा मारत बसला, तरी तो पहिल्याची धूळ खातोय. सामायिक जागेत मला हाच मुद्दा मोठा वाटतो. स्वतःच्या गॅरेजमध्ये जो तो आपल्या नाकाचा धनी.

मास्क घालायचाच तर एन९५ किंवा एफएफपी२, चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर बसत नाही, कितीही महाग घ्या.

गप्पिष्ट

बरं बाई, रुमालाचा मुद्दा मागे घेतो. पंख्याचा नाही घेत.

चिंचवडकर

पंख्याचाही घ्या. :) पंखा धूळ ओढतो ती आधी तुमच्या तोंडावरून नेऊन. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं चौदावं कलम धुळीबद्दल होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली). हौशी शाळेला असा कायदा लागू असो-नसो, त्यातला विचार चोख आहे: धूळ जिथे तयार होते तिथेच, होईल तितक्या जवळून ओढा.

का, ते घरी करून पाहा. मेणबत्ती फुंकर मारून हातभर लांबून विझते. आता तीच श्वास आत ओढून विझवून दाखवा. ओढणाऱ्या तोंडापासून पाइपाच्या एका व्यासाइतकं लांब गेलात की हवेचा वेग दहा टक्क्यांवर येतो. फुंकलेली हवा तीस व्यास लांब गेली तरी तेवढा वेग राखून असते. म्हणजे सहा इंची पाइपाचं तोंड धुळीपासून सहा इंच लांब असेल तर २० मीटरचे उरले दोन. टेबल सॉचं दहा इंची पातं ४००० आरपीएमला फिरतं तेव्हा दाताचा वेग सेकंदाला ५३ मीटर असतो, ताशी १९० किलोमीटर. पात्याच्या खालच्या पेटीला कितीही मोठा ब्लोअर लावा, दात वरून तुमच्या दिशेने फेकतो ती धूळ त्याला मिळणार नाही. पात्याच्या वर हूड हवाच, आणि तो रक्षक म्हणूनही उपयोगी. आमच्या ओळखीत लोक ब्लोअर मोठा घेतात आणि हूड पुठ्ठ्याचा करतात. उलट करा.

लीड्सवासी

मी इथे इंग्लंडमध्ये एका सामायिक वर्कशॉपचा सभासद आहे. ‘मेन्स शेड’ म्हणतात, मूळची ऑस्ट्रेलियातली कल्पना. निवृत्त मंडळी जास्त.

सुतारपक्षींच्या ‘बाहेर सोडा’ या मुद्द्याला माझा पाठिंबा. इथले सगळे सल्ले थंडीतून आलेले आहेत. आमच्या शेडमधली गरम हवा तासाला हजार घनमीटर बाहेर फेकली तर जानेवारीत आत बसता येणार नाही, म्हणून तीच हवा गाळून परत आत घ्यावी लागते. मग ती गाळणी इतकी बारीक लागते की तिच्यातच निम्मा खर्च आणि निम्मा ताण जातो. पुण्यात ही अडचणच नाही. सायक्लोनने भुसा वेगळा करा आणि उरलेली हवा द्या बाहेर. फिल्टर नाही म्हणजे तो चोंदणं नाही, झटकणं नाही, आणि फाटलाय हे कळायला उशीर होणं नाही.

इथले नियम सांगतो, अंदाजासाठी. कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम. २०२० पर्यंत ५ होती. मऊ लाकडाला अजून ५ आहे. युरोपीय संघात कठीण लाकडाला २०२३ पासून २. कामाच्या ठिकाणची ओढणी यंत्रणा निदान दर १४ महिन्यांनी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते. कोरडा झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूमच वापरायचा. आमच्याकडे नव्या सभासदाला हे पटवायला वेळ लागतो, झाडू मारणं हे सौजन्य वाटतं त्यांना.

एक फुकटचा उपाय: संध्याकाळी दिवे घालवा, यंत्र चालू ठेवा, आणि जोरदार टॉर्च यंत्राच्या पलीकडून, धुळीच्या मागून, आपल्या दिशेने अशी धरा की दिवा थेट डोळ्यात येणार नाही. एरवी न दिसणारी धूळ झगमगत दिसते आणि हूडमधून कुठे निसटते ते लगेच कळतं. इथले तपासनीसही अशाच दिव्याने बघतात.

सुतारपक्षी

लीड्सवासी, अगदी हेच डोक्यात होतं, नीट मांडता येत नव्हतं. धन्यवाद.

अडचण शेजाऱ्यांची. आमच्या मागच्या बाजूला फॅब्रिकेशनवाला आहे, दिवसभर ग्राइंडर चालतो, ठिणग्या उडतात. सायक्लोनमधून सुटलेली बारीक धूळ त्याच्या दारात सोडणं मला बरं वाटत नाही. समोरच्या बाजूला फरसाणवाला. त्याच्या दारात तर अजिबातच नाही.

पत्रेवाला

धंद्याने एसीचे डक्ट करतो, म्हणून लिहितो.

हवा पत्र्याच्या वर न्या. गाळ्याच्या पत्र्यापासून निदान दोन-अडीच मीटर वर उभा पाइप. पावसासाठी डोक्यावर टोपी बसवू नका, ती हवा खाली ढकलते आणि धूळ परत तुमच्याच छपरावर येते. उभ्या पाइपाच्या तोंडाभोवती थोड्या मोठ्या व्यासाची बाही चढवायची, मधल्या फटीतून पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर गळून जातं. ब्लोअर चालू असताना हवाच पाऊस आत येऊ देत नाही, बंद असताना बाही काम करते. शिवाय खाली बेंडला एक बारीक भोक, चुकून आलेलं पाणी निघायला.

पाइप कुठला? स्पायरल जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) सगळ्यात उत्तम, पण लाखात बसवायचं तर मेन लाइन जीआय आणि फाटे पीव्हीसी. ड्रेनेजचा एसडब्ल्यूआर पाइप ११० आणि १६० मिमीत सहज मिळतो. शेतीचा पातळ पीव्हीसीसुद्धा चालतो, तो स्वस्त पडतो. मात्र ड्रेनेजची काटकोनी टी वापरू नका. वाय घ्या, आणि तिचं तोंड हवेच्या दिशेने. नव्वदचा बेंड लागला तर पंचेचाळीसचे दोन, मध्ये वीतभर सरळ तुकडा. फाटा मेन लाइनला वरून किंवा बाजूने जोडा, खालून कधीच नाही. नाहीतर बंद फाट्यात मेनचा भुसा उतरतो आणि गेट (फाट्याची सरकती झडप) उघडलं की एकदम ढेकूळ येतं.

जोड सॉल्व्हंटने चिकटवू नका. यंत्रं हलतातच, वर्षभरात मांडणी बदलतेच. एक-एक स्क्रू आणि वरून ॲल्युमिनियम टेप पुरे. आणि तो लवचीक होज हात आखडून वापरा. आतल्या वळ्यांमुळे तो सरळ पाइपाच्या दुप्पट-तिप्पट ताण खातो. यंत्रापाशी हलवायला लागेल तेवढाच, मीटरभर.

जुना_वाडा

पीव्हीसीने स्फोट होतो म्हणतात, त्याचं काय? स्टॅटिक, म्हणजे घर्षणाने साचणारी वीज.

चिंचवडकर

पीव्हीसी विद्युतरोधक आहे. बाहेरून तांब्याची तार गुंडाळून अर्थ केलीत तर तारेलगतची जागा सोडून बाकी पाइप होता तसाच राहतो. पण हात लागला की बसणारा झटका कमी होतो, आणि फिरत्या पात्याशेजारी माणूस दचकणं हाच खरा धोका, म्हणून तार जरूर गुंडाळा.

स्फोट ही खोटी गोष्ट नाही, पण तो पाइपामुळे होतो असं समजणं चुकीचं. इंग्लंडमध्ये चेशर परगण्यातल्या बॉस्ली गावच्या लाकूडपिठाच्या गिरणीत जुलै २०१५ मध्ये स्फोट झाला, चौघं गेले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०१२ साली जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरी सॉमिल उडाली, दोन्हीकडे दोन-दोन कामगार दगावले. अशा ठिकाणी घात करते ती तुळयांवर, पत्र्यांवर साचलेली धूळ. पहिला लहानसा भडका ती सगळी हवेत उडवतो, आणि मग ती पेटते ते खरं संकट. तेव्हा पाइपाला तार गुंडाळून समाधान मानू नका. छपराच्या कैचीवरचा थर महिन्याला ओढून काढा. व्हॅक्यूमने. कॉम्प्रेसरची हवा मारून अजिबात नाही.

जुना_वाडा

माझी काळजी जास्त आगीची आहे. आम्ही पाडलेल्या वाड्यांचं सागवान घेतो, त्यात खिळे, चुका (बारीक खिळे), कधी कधी लोखंडी पट्टीसुद्धा निघते. मेटल डिटेक्टर फिरवूनही एखादा राहतोच. तो पात्याला लागून तापलेला तुकडा पाइपातून जाऊन लोखंडी इम्पेलरवर आपटला तर?

चिंचवडकर

याच कारणासाठी सायक्लोन ब्लोअरच्या आधी. तुमच्या सध्याच्या दोन पिशव्यांच्या यंत्रात सगळा माल आधी इम्पेलरमधून जातो आणि मग पिशवीत. तापलेला तुकडा पिशवीतल्या भुशात पडला की लगेच पेटत नाही, धुमसतो. तुम्ही शटर लावून घरी गेल्यावर पेटतो. सायक्लोन आधी असेल तर जड तुकडा झाकणाच्या पिंपात पडतो. पिंप पत्र्याचा घ्या, प्लॅस्टिकचा नको. वाड्याचं लाकूड चिरलं त्या दिवशी पिंप काढून गाळ्याबाहेर ठेवूनच घरी जायचं.

वैद्यबाई

त्याच पिंपात पॉलिशच्या चिंध्याही टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या की आपोआप तापून पेटतात. हे माझ्या पेशातलं नाही, पण घरात पाहिलंय.

पत्रेवाला

आणि पॉलिशच्या कोपऱ्यातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा स्प्रे या पाइपलाइनला जोडायचा विचारही करू नका. साधी मोटर, थिनरची वाफ आणि भुसा एकत्र नको. तिथे वेगळा पंखा, तोही थिनरच्या वाफेला चालेल असा.

एमसीबी_पडला

विजेचं. तीन एचपी थ्री फेज मोटर पूर्ण भारावर साधारण साडेचार-पाच अँपिअर घेते, त्यामुळे ताण काही नाही. डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा), ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या आकड्यावर लावलेला, आणि प्रत्येक यंत्रापाशी चालू-बंदची जोड-बटणं ओढा, चालूची समांतर आणि बंदची एकसर जोडून. स्वस्त काम आहे. मात्र मोठा इम्पेलर वेग घ्यायला वेळ घेतो, तासात दहा वेळा चालू-बंद करण्यापेक्षा चालू राहू द्या.

एक गैरसमज आधीच खोडतो, कारण दर वेळी निघतो: ‘सगळी गेट बंद राहिली तर मोटर जळेल’. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरला हवाच मिळाली नाही तर मोटरवरचा भार कमी होतो. क्लॅम्प मीटर लावून बघा. जळायची भीती उलट वेळी, कुणी पाइप काढून तोंड मोकळं सोडलं आणि इम्पेलर मोटरच्या मानाने मोठा असला तर. चिंचवडकरांचं ऐकून १७ इंची इम्पेलर बसवणार असाल तर पहिल्या दिवशी मोकळ्या तोंडाने अँपिअर मोजा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावून ६० हर्ट्झवर पळवायची कल्पना कुणी काढेलच. भार पावणेदोनपट होतो, आणि इम्पेलर त्या वेगाला बॅलन्स केलेला असतोच असं नाही.

गेट बंद असताना मोटर नाही, पण प्लॅस्टिकचा पिंप मात्र चेपतो. २०० लिटरच्या पिंपाच्या झाकणावर पन्नास-साठ किलोचा दाब येतो, हिशोब करून बघा.

सावंतवाडीचो

लेथचा कोणी बोलूक नाय म्हणून लिवतंय. आमच्याकडे लाकडी फळां, खेळणी सगळी लेथार होतत. लेथाचे छिलके पकडूच्या फंदात पडा नकात, ते खंय उडतीत ते देवाक ठाऊक. ते भुंयवर पडान देवा. धूळ येता ती काचकागद मारताना. तेवा कामाच्या मागे, जवळच, एक रुंद तोंडाचो हूड, सुपाएवढो, आणि तोय सरकणारो. टूल चालवताना मागे, काचकागदाक जवळ. बस.

सुतारपक्षी

सुपाएवढा हूड. हे मोजमाप मी लिहून घेतलं. :)

गोदाकाठ

नाशिकला आम्ही अशीच जागा चालवतो, त्यामुळे पाइपापेक्षा माणसांबद्दल लिहिते.

सुतारपक्षी, तुम्ही उत्तम यंत्रणा बसवाल आणि पहिल्याच आठवड्यात सगळी गेट उघडी सापडतील. हवा सहा यंत्रांत वाटली जाते, कुठेच पुरत नाही, आणि मग ‘ओढत नाही, कशाला चालू करायचं’ असं सुरू होतं. पाट्या लावून काही होत नाही. आम्ही गेटचं हँडल यंत्राच्या स्टार्ट बटणाच्या समोर येईल असं बसवलं. गेट बंद असताना हँडल बटणावर आडवं येतं, सरकवल्याशिवाय बटण दाबताच येत नाही. यंत्र बंद केलं की परत सरकवायचं राहतं कधी कधी, पण निम्मा प्रश्न मिटला. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे त्यांनी गेटवर मायक्रोस्विच लावून ब्लोअरच्या कॉन्टॅक्टरला जोडावा.

पिंप कोण रिकामा करणार, हे आजच ठरवा. ‘भरलेला दिसेल त्याने’ हा नियम चालत नाही, कुणालाच दिसत नाही. आमचा नियम: थिकनेसर ज्याने वापरला त्याने, भरला असो-नसो. पिंप नव्वद टक्के त्याच यंत्राने भरतो, त्यामुळे कुणी कुरकुरत नाही.

आणि हातातला सँडर. इतके प्रतिसाद झाले, त्याच्यावर कुणी नीट लिहिलंच नाही. बारीक धुळीत तो सगळ्यांचा बाप आहे, आणि तुमच्या सहा इंची पाइपलाइनचा त्याला काहीही उपयोग नाही. वर चिंचवडकरदादांनी सांगितलंच आहे, त्याला व्हॅक्यूमच लागतो. पाइपलाइनमधले पैसे काढून आधी दोन चांगले व्हॅक्यूम घ्या, हेपा फिल्टरवाले, मध्ये बारका सायक्लोन लावलेले. नाहीतर फिल्टर चार दिवसांत चोंदतो. जाळीचा काचकागद वापरा, पूर्ण पृष्ठभागातून ओढला जातो. आमच्याकडे व्हॅक्यूमशिवाय सँडर आत चालवायचा नाही, अंगणात खुशाल चालवा, असा नियम आहे. भांडणं झाली. एक जण सोडूनही गेला. नियम ठेवला.

गप्पिष्ट

ताई, जो सोडून गेला तो माझ्यासारखाच असणार.

गोदाकाठ

परत आला हो. अंगणात उन्हात सँडिंग करून बघितलं एप्रिलमध्ये.

लीड्सवासी

गोदाकाठ यांच्या प्रतिसादाला +१. व्हॅक्यूम घेताना इथे एल, एम, एच असे वर्ग असतात. लाकडासाठी एम सांगतात, म्हणजे हजारातला एकापेक्षा जास्त भाग गाळणीतून निसटायचा नाही. तिकडे तो शिक्का नसला तरी फिल्टरची जात आणि त्याचं रबरी सील बघून घ्या. फिल्टर हेपा आणि कडेने फट, असा प्रकार सर्रास असतो.

सुतारपक्षी

सगळ्यांचे आभार. काल सभासदांची बैठक झाली, हा धागा मोठ्या स्क्रीनवर वाचला. गोदाकाठ यांच्या प्रतिसादावर आमच्यातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कोण ते सांगत नाही.

ठरलं ते असं. आधी दोन व्हॅक्यूम, सँडर आणि राउटरसाठी. ते या महिन्यातच. मग तीन एचपी, १६ इंची इम्पेलर, त्याआधी सायक्लोन, खाली पत्र्याचा पिंप. मेन लाइन १५० मिमी जीआय, थिकनेसर आणि टेबल सॉ तिच्या जवळच्या टोकाला, बँड सॉ पुढे. एका वेळी एकच मोठं यंत्र चालेल हे सगळ्यांनी मान्य केलं. नाहीतर ब्लोअर दुप्पट लागला असता आणि बजेटही. टेबल सॉला खाली १२५ आणि वर हूडला ७५, दोन्ही मिळून मेनच्या क्षेत्रफळाच्या जवळपास येतं, बरोबर ना? हवा पत्र्यावर, बाहीसकट. लेथला सूप.

हवा बाहेर टाकायची म्हणजे तेवढी आत यायला हवी. हिशोब केला, तासाला जवळजवळ तीनदा गाळ्यातली सगळी हवा बदलेल. शटर थोडं वर ठेवावं लागेल, पावसाळ्यात मागची जाळीची खिडकी.

फरसाणवाल्याला जाऊन आधीच सांगून आलो. तो म्हणाला तुमचा भुसा सध्याही येतोच की.

चिंचवडकर

१२५ आणि ७५ बरोबर. क्षेत्रफळाची बेरीज १५० पेक्षा किंचित कमीच भरते, चालेल.

पत्रेवाला

सायक्लोनच्या खालचा जोड आणि पिंपाचं झाकण हवाबंद हवं, रबरी गॅस्केट लावून. तिथे नखाएवढी फट असली तरी खालून हवा वर उसळते आणि वेगळा झालेला भुसा परत वर नेते. सायक्लोन ‘काम करत नाही’ अशा तक्रारींत मला बहुतेक वेळा तिथेच गळती सापडते.

जुना_वाडा

भुशाचं काय करणार? आमचा आधी भुशाच्या शेगडीवाले न्यायचे, आता नर्सरीवाला नेतो. कोंबड्यांखाली अंथरायलाही मागतात. पण प्लाय आणि एमडीएफचा भुसा त्यात मिसळला की कुणालाच देता येत नाही, ना जाळायला ना कोंबड्यांना.

सुतारपक्षी

एमडीएफसाठी वेगळा पिंप ठेवतोय, लाल रंग मारून. ते कापायचं असेल तर आधी पिंप बदलायचा. पाळतील का, बघू.

एमसीबी_पडला

एक राहिलं. तुमच्याकडे शेवटी फिल्टर नाही. पिंप भरला की सायक्लोन भुसा धरून ठेवणार नाही, तो सगळा इम्पेलरमधून वर जाऊन थेट पत्र्यावर पडेल, आणि तिथून फरसाणवर. पिशवी असती तर निदान पिशवीत गेला असता. पिंपाला काचेची खिडकी ठेवा, नाहीतर आत फिरता पॅडल-स्विच लावून त्यावर दिवा जोडा. धान्याच्या कोठ्यांना असतो तसला.

सुतारपक्षी

खिडकी कुठल्या उंचीला ठेवू? वरून वीतभर?

एमसीबी_पडला

वीत कमी पडेल. थिकनेसरवर रुंद सागाची फळी घातली की पिंप बघता बघता भरतो. एक तृतीयांश रिकामा असतानाच दिसला पाहिजे. आणि खिडकी थिकनेसरच्या बाजूला तोंड करून ठेवा, दाराकडे नको.